लांडगा दिसण्याची गॅरंटी

लांडगा माणसाला जवळ येऊ देत नाही, आणि स्वतःहून तर कधीच येत नाही. माळावर फिरायला आलेल्या पाहुण्यांना मी पहिली गोष्ट हीच सांगायचो. गाडीतून उतरल्या उतरल्या, कुणी अत्तर फवारून आलं असेल तर त्याच्याकडं डोळे वटारत सांगायचो, "दोनशे मीटर. त्याच्या आत आला तर समजा, काहीतरी बिघडलंय." शंभरदा तरी हे बोललो असेन. आणि ज्या दिवशी ते डोळ्यांसमोर घडलं, त्या दिवशी मीच तोंड मिटून उभा राहिलो. दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगतो.

माझं नाव संघर्ष. दौंड तालुक्यात, कुरकुंभच्या एमआयडीसीपासून माळानं चालत तासाभरावर आमची वाडी. केमिस्ट्रीत बीएस्सी केलं आणि तिथल्या एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर लागलो. आठ वर्षं शिफ्टा ओढल्या. हजेरीचं रजिस्टर वेगळं, कॅन्टीनची रांग वेगळी. नावानं हाक मारायची पद्धतच नव्हती. "ए कॉन्ट्रॅक्टवाला, इकडं ये." एक दिवस सुपरवायझरशी वाजलं, गेटपास त्याच्या टेबलावर आपटला आणि चालत घरी आलो. डोकं लवकर तापतं माझं, अख्ख्या वाडीला माहीत आहे. माझी बायको भाग्यश्री आशा वर्कर आहे. तिनं भाकरी थापता थापता एवढंच विचारलं, "आता?"

आता म्हणजे माळ. सरकारी कागदात त्याला पडीक म्हणतात. पडीक कसली डोंबलाची! हिवाळ्यात कुसळी गवत गुडघ्याएवढं पिवळं होतं. त्यात चिंकारा असतो, खोकड असतं, खडकात तरसाचं बीळ असतं, आणि धाविक नावाचा एक पक्षी असा पळतो की बघणाऱ्याला हसू यावं. हे सगळं मला म्हाळूआप्पांनी दाखवलं. आप्पा धनगर, वय पासष्टीच्या पुढं, त्यांच्या मेंढरांमागं मी शाळेच्या सुट्ट्या काढल्या. गावात कुणाच्या बांधावरून जायचं तर आमच्या लोकांना दहा प्रश्न विचारले जायचे. माळाला बांधच नाहीत. आप्पांच्या घोंगडीवर बसून, त्यांच्याच ताटात जेवत मी लांडग्याचा माग काढायला शिकलो. त्यांनी मला कधी वेगळं ताट दिलं नाही, हे मी मरेपर्यंत विसरायचो नाही. विसरायला नको होतं, असं म्हणू.

तर अनुपमा नावाच्या बाई पुण्यात एक ग्रुप चालवतात. ज्यांना गडकिल्ले पाहून झालेत, गर्दीचा कंटाळा आलाय, ज्यांना काहीतरी वेगळं बघायचंय, अशा लोकांना घेऊन त्या पायी हिंडतात. कंप्युटरवाले, डॉक्टर, बँकेतून रिटायर झालेल्या बाया. त्यांनी मला कुठून तरी शोधून काढलं. पहिल्या फेरीला एकानं मला "संघर्ष सर" अशी हाक मारली, तर मी मागं वळून बघितलं. म्हटलं, कोण सर आले? खरं सांगतो, त्या दिवशी घरी आलो आणि भाग्यश्रीला तीनतीनदा तेच सांगत बसलो. ती म्हणाली, "कळलं हो सर, आता जेवा."

पण लांडगा काही नोकरीला नाही. पाहुणे पहाटे पुण्याहून निघून येणार, चार तास ऊन खाणार, आणि टिटवी बघून परत जाणार. एकानं नेटवर लिहिलं, "दहा किलोमीटर चालून एक टिटवी." माझी सटकली. सर्जेरावांची पोल्ट्री माळाच्या कडेलाच आहे. पोल्ट्रीत रोज पाचपंचवीस कोंबड्या मरतातच, त्याला मर म्हणतात. खड्डा काढून, चुना टाकून ती पुरायची असते. मी सर्जेरावांना म्हणालो, तुम्ही कशाला त्रास घेता, मी नेतो. आणि रोज सकाळी मुरमाच्या जुन्या खाणीत ती मर टाकायला लागलो. पंधरा दिवसांत लांडगे घड्याळ लावल्यासारखे यायला लागले. अनुपमाताईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी आपल्या जाहिरातीत लिहिलं, "लांडगा दिसण्याची गॅरंटी." सीझन फुल्ल.

आप्पांना मात्र माहीत होतं. त्यांच्यापासून माळावर काय लपणार?

"पोरा, ह्या वासानं कुत्री येत्याल," ते म्हणाले.

"येऊ द्या की. लांडगे त्यांना पुरून उरतील."

"लांडग्याला मारून खायची सवय असती. त्येला उकिरड्याची लावू नगंस."

मी हसून घालवलं. महिन्याभरात हायवेच्या ढाब्यांवरची दहाबारा कुत्री खाणीत मुक्कामालाच आली. आप्पांनी पुन्हा सांगितलं, मी पुन्हा हसलो.

दिवाळी होऊन दोन आठवडे झाले होते. त्या रविवारी अनुपमाताईंचे अकरा जण आले. साडेसहाला खाणीवर पोचलो तर लांडगा एकही नाही, कुत्री तेवढी भांडत होती. ओढ्यापर्यंत फिरवून आणलं, धाविक दाखवला, तरसाचं बीळ दाखवलं. पण गॅरंटी वाचून आलेल्याला बिळात काय गोडी? साडेनऊला तोंडं पाडून गाड्यांकडं परत निघालो, आणि समोरून गाडीवाटेनं कानतुटकी आली.

कानतुटकी म्हणजे डावा कान अर्धा गेलेली लांडगीण. चार वर्षं मी तिला ओळखत होतो. माणसाची सावली दिसली की ही गवतात गडप. आणि आज ही भर उन्हात, एकटी, सरळ आमच्या रोखानं चालत येत होती. मागचे पाय आडवेतिडवे पडत होते. जबडा सुटलेला, तोंडातून लाळ गळत होती. मध्येच थांबून तिनं बाभळीच्या फांदीला उगाच कडाडून चावा घेतला. मग पुन्हा चालायला लागली. पन्नास फूट. तीस. वीस. कॅमेऱ्यांची नुसती कडकड चालली होती.

"किती विश्वास टाकलाय तिनं आपल्यावर," अनुपमाताई पुटपुटल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

ओरडायला पाहिजे होतं, दगड उचलायला पाहिजे होते, सगळ्यांना गाडीत कोंबायला पाहिजे होतं. मी काय म्हणालो? "हलू नका. एन्जॉय करा." एन्जॉय! हा शब्द माझ्या तोंडून गेला. ती दहा फुटांवर येऊन डुलत उभी राहिली, आमच्या पलीकडं कुठंतरी बघितलं, आणि वळून ओढ्याकडं उतरली. नशीब त्या अकरा जणांचं. त्यांनी मला मिठ्या मारल्या. त्यातल्या एका रिटायर बाईंनी माझे हात हातात घेऊन म्हटलं, "आयुष्य सार्थकी लागलं, सर." फोटो काढले आणि धुरळा उडवत गेले.

गाड्या दिसेनाशा झाल्या आणि ओढ्याकडून आप्पांची आरोळी आली.

मी धावत गेलो. आप्पा खडकावर बसले होते. काठीचे दोन तुकडे झाले होते. उजव्या हाताला पटका गुंडाळला होता आणि तो लाल झाला होता. मी तो सोडला. अंगठ्याच्या बुडाला दोन खोल भोकं होती, मधलं मांस फाटून लोंबत होतं.

"कानतुटकी?" मी विचारलं.

"तीच. कोकरू न्हाई धरलं, काय न्हाई. सरळ अंगावर आली. लांडगा असं करत न्हाई रं." आप्पांनी माझ्याकडं बघितलं. "पिसाळली तर न्हवती?"

आता ऐका. इथंच सगळं आहे. आप्पांनी स्वतः विचारलं. ज्या माणसानं मला लांडगा शिकवला, तो मला विचारत होता, कारण मी शिकलेला होतो, बीएस्सी होतो, पुण्याचे लोक मला सर म्हणत होते. आणि माझ्या डोक्यात त्या क्षणाला काय होतं? फेब्रुवारीपर्यंतचं बुकिंग. वनखात्याचे लोक येतील, खाण बघतील, मर बघतील, माळ बंद करतील. वाडीतली पोरं मेलेल्या शेळीत थिमेटचं विष घालून ठेवतील आणि सगळे लांडगे संपवतील. मी पुन्हा कॅन्टीनच्या वेगळ्या रांगेत उभा राहीन.

"छ्या, आप्पा," मी म्हणालो. "पिसाळली असती तर पाहुण्यांना सोडलं असतं का? दहा फुटांवर उभी होती, गप. भुकेली असंल. तुम्ही आडवे गेला असाल."

आप्पांनी पटका पुन्हा हाताला गुंडाळला. मग म्हणाले, "तू म्हंतोस तर न्हाई."

"आन् आप्पा, लांडगा चावला म्हणून कुणाला सांगू नका. पोरं थिमेट घालतील बघा. तार लागली म्हणा."

"साखरीला?" साखरबाई म्हणजे त्यांची बायको.

"मावशींनाबी तेच सांगा."

आप्पांनी मान डोलावली. ओढ्याला पाणी होतं, खिशात साबणाची वडी होती, पण हात धुवायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही आणि मी आणून दिलं नाही. पाण्यानं आणि साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं असतं, हे मी आशा वर्करचा नवरा आहे म्हणून मला पाठ होतं. मीच त्यांना गाडीवर बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जखम बघून भुवया उचलल्या. "तार एवढी आत गेली?" मी म्हणालो, "घसरले, काटेरी कुंपणात हात अडकला, तसाच ओढून काढला." तीन टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. डॉक्टरांचा काय दोष? आम्ही दोघांनी तोंडावर खोटं सांगितलं. आप्पांना खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून मीच बोलत होतो.

घरी भाग्यश्रीनं विचारलं, "आप्पांना काय लागलं म्हणे?"

"तार."

"टीटी घेतलं का?"

"घेतलं की."

"बरं केलंत लगेच नेलं ते," ती म्हणाली आणि आपली रजिस्टरं भरायला बसली.

दुसऱ्या दिवशी आप्पांचा मेंढरांचा वाडा हलला. दिवाळीनंतर ते दरवर्षी भीमेपलीकडं, शिरूरच्या बागायतीत जातात. तिथले शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतात, लेंड्यामुताचं खत होतं, आणि धनगराला धान्य मिळतं. घोड्यावर बिऱ्हाड, हाताला पट्टी, मागं साखरबाईमावशी. जाताना आप्पांनी दुसऱ्या हातानं मला टाटा केला. तो टाटाही त्यांना मीच शिकवलेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओढ्यात कानतुटकी मेलेली सापडली. जबडा उघडा, तोंडात माती आणि काटक्या. मी कुणाला बोलावलं नाही. खड्डा काढला, सर्जेरावांच्या पोल्ट्रीवरून चुन्याची पिशवी आणली आणि पुरून टाकली. मग बाभळीखाली बसून फोनवर सगळं वाचलं. न समजण्यासारखं काही नव्हतं. पिसाळलेलं जनावर चावलं की जेवढ्या लवकर सुई तेवढं बरं. जखमेत एक औषध भरायचं, मग दंडात सुया. उशीर झाला तरी, लक्षणं दिसायच्या आत कधीही दिल्या तर माणूस वाचायची आशा असते. लक्षणं दिसली की जगात कुणाकडं काही इलाज नाही. आठवडे जातील, कधी महिने. म्हणजे वेळ होता. हेच वाक्य मी धरून बसलो. वेळ होता.

त्या दिवसापासून मर टाकायची बंद केली. फार मोठा शहाणा! रोज सकाळी उठून ठरवायचो, आज आप्पांना फोन करतो. नंबर लावायचो. "हात कसा हाय आप्पा?" "बेस हाय. टाकं काढलं." पुढचा शब्द तोंडातून निघायचा नाही. काय सांगणार? आप्पा, तुम्ही विचारलं होतं ना, पिसाळली का म्हणून? ते खरं होतं आणि मला तेव्हाच संशय आला होता? नुसतं एवढं म्हटलं असतं, की आप्पा, दवाखान्यात जाऊन कुत्र्याची सुई घ्या, कशाला ते विचारू नका, तरी त्यांनी घेतली असती. हे मला आज सुचतं असं नाही. तेव्हाही सुचलं होतं. पण मग ते विचारात पडले असते, आणि त्यांच्या मनातून मी उतरलो असतो. माणूस मरंल याच्यापेक्षा माणूस आपल्याला काय म्हणंल याची मला जास्त भीती होती. थुंका माझ्यावर.

बाराव्या दिवशी मात्र मी उठलो आणि गाडीला किक मारली. ठरवूनच निघालो होतो. आप्पांना मागं बसवायचं, सरळ दवाखाना गाठायचा, सुई द्यायची, मग वाटेल ते होऊ दे. पाटस, चौफुला, तिथून आत वळून भीमेचा पूल. नदीला पाणी भरपूर होतं, दोन्ही बाजूंनी उसाचे ट्रॅक्टर चालले होते. वडगाव रासाईला पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. दत्ताभाऊ नावाच्या बागायतदाराच्या मोकळ्या रानात आप्पांची मेंढरं बसली होती.

आप्पांनी लांबूनच ओळखलं. "साखरे, कोण आलंय बग! आपला साहेब आलाय!" घोंगडी झटकून अंथरली. मावशींनी मेंढीच्या दुधाचा चहा ठेवला, दाट, वर साय धरणारा. आप्पांनी हात पुढं केला. "ह्ये बग." जखमेवर गुलाबी कातडी आली होती. टाक्यांच्या खुणा तेवढ्या होत्या. त्यांनी मूठ उघडझाप करून दाखवली. "तुझ्या त्या डाक्टरनं काम चांगलं केलं हां."

मी तो हात हातात घेतला. गरम होता, कामाचा, खरबरीत हात. तोंडापर्यंत शब्द आले होते. आप्पा, चला. एवढं म्हणायचं होतं.

फोन वाजला. अनुपमाताई. "सर, तुम्ही आहात कुठे? तो फोटो इतका गाजलाय! आता चाळीस जणांची मोठी बॅच तयार आहे, जानेवारीत. लोक म्हणतायत, माणसाळलेली लांडगीण बघायचीय. जमेल ना?"

मी उठून बांधापर्यंत गेलो. उसाचं पाचट पेटवलं होतं, त्याचा धूर डोळ्यांत जात होता. "जमेल," मी म्हणालो. परत आलो. आप्पांनी विचारलं, "पावणं हायेत काय?" मी म्हटलं, व्हय. ते खूश झाले. मावशींना म्हणाले, "बग, आपलं पोरगं. पुण्याची लोकं इचारत्यात त्येला." आणि मी त्यांच्या हाताकडं बघून स्वतःला सांगितलं, एवढा बरा झालाय. पिसाळलेलं असतं तर जखम अशी भरली असती का? आणि जखम भरण्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही, हे मी नऊ दिवसांपूर्वीच वाचलेलं होतं. चहा संपवला. दोन कप घेतले. आप्पांनी गाडीपर्यंत सोडलं, पाठीवर हात फिरवला आणि मी निघून आलो.

वेळ अजून होता, हे सांगतो. पुढं आणखी तेरा दिवस आप्पा रोज सकाळी उठत होते, मेंढरं हाकत होते, तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात जाऊन कोकरं विकून आले होते.

सव्विसाव्या दिवशी दुपारी दत्ताभाऊंच्या फोनवरून मावशींचा फोन आला. "संघर्षा, त्यांचा हात लई खाजतोय. रातभर खाजवलाय. ताप हाय. आन् काय कळंना, पाण्याचा तांब्या पुढं केला की अंग काढून घेत्यात, गळा धरत्यात. तू शिकलेला, तूच ये बाबा."

भाग्यश्री शेजारीच होती, तिनं ऐकलं. तिचा चेहरा मी बघत होतो. तिनं एकच प्रश्न विचारला, "आप्पांना कुत्रं चावलं होतं का?"

"माहीत न्हाई," मी म्हणालो.

ती गाडीवर माझ्या मागं बसली. पन्नास किलोमीटर माझ्या पाठीशी बसली होती आणि मी तिला सांगितलं नाही. तोवर दत्ताभाऊंनी आप्पांना जीपमध्ये घालून जवळच्या सरकारी दवाखान्यात आणलं होतं.

खोलीत पंखा बंद केलेला होता. वारं लागलं की आप्पांचा गळा आवळत होता. डोळे तांबारलेले, ओठांवर लाळ, शब्द तुटत होते, पण शुद्ध पुरती होती. हेच त्या रोगाचं वाईट. माणसाला सगळं कळत राहतं. मला बघून ते हसायला गेले.

डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी एका कपात पाणी आणून आप्पांपुढं धरलं आणि लगेच मागं घेतलं. तेवढं पुरे होतं. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "मामा, तुम्हाला कुत्रं, मांजर, कोल्हा, काही चावलं होतं का? दोन-तीन महिन्यांत?"

मावशी म्हणाल्या, "न्हाई बाई. हाताला तार लागली हुती, तेवढीच."

डॉक्टरांनी आप्पांकडं बघितलं. आप्पांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या घशातून घरघर निघत होती, पण शब्द स्पष्ट होते. "तार," ते म्हणाले. "तारच लागली."

जीव चाललेला, आणि हा माणूस माझं खोटं सांभाळत होता!

"लांडगा," मी म्हणालो. "लांडगा चावलाय. पिसाळलेला. सव्वीस दिवस झाले."

भाग्यश्रीनं माझ्याकडं मान वळवून बघितलं आणि पुन्हा फिरवली. आजपर्यंत ती माझ्याशी गरजेपुरतंच बोलते. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे आज सांगताय?" म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं. मग त्या भराभर कामाला लागल्या. पुण्याला नेण्यासाठी गाडी मागवली. आप्पांना भरवलं कोणी, लाळ पुसली कोणी, सगळ्यांना सुया. भाग्यश्रीनं यादी केली. मावशी, दत्ताभाऊ, जीपचा ड्रायव्हर. त्या अकरा जणांना लाळ लागली नव्हती, तरी त्यांनाही कळवायला सांगितलं. अनुपमाताईंना मी फोन केला. त्यांनी सगळं ऐकलं आणि फोन ठेवून दिला. फोटो त्याच संध्याकाळी नेटवरून गेला.

आप्पा दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्यात गेले. अंधाऱ्या खोलीत, हातपाय बांधून ठेवलेले. ते मी सांगणार नाही, मला सांगता येणार नाही.

पण त्याआधी, गाडीची वाट बघताना, दवाखान्याच्या ओट्यावर मावशी बसल्या होत्या. दंडावर सुई घेऊन आल्या होत्या, तिथं कापसाचा बोळा दाबून धरला होता. मी खाली पायरीवर बसलो. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या, चप्पल मारली असती तर मी मान खाली घालून खाल्ली असती. त्या आतून डॉक्टरबाईंना विचारूनच आल्या होत्या, ही सुई त्यांना येळंवर दिली असती तर? आणि त्यांना उत्तर मिळालं होतं.

"तुला कवा कळलं?" त्यांनी विचारलं.

"चावली तवाच वाटलं हुतं, मावशी. ती मेली तवा पक्कं कळलं. तिसऱ्या दिवशी."

त्यांनी बोळा उचलून बघितला, पुन्हा दाबला. त्या मनाशी काहीतरी जुळवत होत्या.

"म्हंजी वडगावला आलास, घोंगडीवर बसलास, च्या प्यालास, तवा तुला ठावं हुतं."

"व्हय."

"मग आला कशापायी हुतास रं?"

बघायला आलो होतो, असं म्हणता आलं असतं. त्यांनी मानलंही असतं.

"सांगायलाच आलो हुतो, मावशी," मी म्हणालो.